नाणं ओळखणारी वाट

वेंडिंग मशीनने पैसे खाल्ले की पहिली थाप पत्र्यावर बसते. दुखणं मात्र बहुतेक वेळा आतल्या एका लहानशा डब्यात असतं. त्याला कॉइन अ‍ॅक्सेप्टर म्हणतात.

फटीतून पडलेलं नाणं तिरक्या पट्टीवरून घरंगळतं. वाटेत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात आणि त्यांत सतत दिशा बदलणारी वीज खेळत असते. नाणं जवळून गेलं की वेटोळ्यांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हलतं. ते किती हलतं, हे धातू, जाडी आणि व्यासावर ठरतं. साठवलेल्या मर्यादांत मोजमाप बसलं तर झडप उघडते, नाहीतर नाणं खालच्या वाटीत येतं.

आपल्याकडे धातू ओळखल्यावाचून भागतच नाही. 2011 च्या मालिकेतलं पाचाचं नाणं 23 मिलिमीटरचं, आणि 2019 च्या मालिकेतलं दोनाचंही तेवढंच. जुनं दोनाचं आणि नवं पाचाचं, दोन्ही 25 चीच. नुसता व्यास पाहिला तर दोन रुपयांत पाचाचा माल जाईल. पण दोनाचं पोलादी नाणं चुंबकाला चिकटतं, पाचाचं निकेल-पितळी चिकटत नाही.

आता या पट्टीवर बोटांचं तेल, धूळ, सांडलेल्या सरबताचा चिकटा साचू द्या. नाणं अडखळत उतरतं, माप चुकतं, खरी नाणी परत येऊ लागतात. गिऱ्हाईक कुरकुरतं म्हणून मालक मर्यादा सैल करून घेतो, आणि त्याच सैल मर्यादेतून खोट्या चकत्याही आत शिरतात. म्हणून सफाईला मी राखणीचंच काम मानतो. वीज बंद करावी, कोमट पाण्यात किंचित सौम्य साबण घालून कापड घट्ट पिळावं, वाट पुसून पूर्ण सुकू द्यावी. तेल कधीही घालू नये, त्यावर धूळ आणखी बसते. नोटा घेणाऱ्या भागात थिनर किंवा पेट्रोल लावू नये, प्लास्टिकची भिंगं त्याने धुरकटतात. किनाऱ्यालगत तारांच्या जोडांवर गंज लवकर चढतो, तेही तपासावेत.

स्वच्छ यंत्रही फसतं. जपानचं 1982 चं 500 येनचं आणि कोरियाचं 500 वॉनचं नाणं, दोन्ही 26.5 मिलिमीटरची, तांबं-निकेलचीच. वजनं 7.2 आणि 7.7 ग्रॅम. वॉनची किंमत मात्र येनच्या साधारण दहावा भाग. नव्वदच्या दशकात लोक वॉनला भोकं पाडून वजन उतरवत, यंत्रात टाकत आणि परतीचं बटण दाबत. यंत्र आपल्या साठ्यातलं अस्सल येन काढून देई! शेवटी 2000 साली जपानने नाण्याचा धातूच बदलला. खरेदी पुरी होईपर्यंत टाकलेलं नाणं वेगळं धरायचं आणि परत मागितलं तर तेच द्यायचं, ही रचना अशा चलाखीवर चांगली मात्रा आहे.

नाण्यांऐवजी क्यूआरने पैसे घेणाऱ्या यंत्राचा धोका साधा, पण हमखास दुर्लक्षित. दर खरेदीला पडद्यावर नवा कोड उमटत असेल तर काळजी कमी. चिकटवलेल्या कागदावर मात्र कुणीही आपला कोड डकवू शकतो. माल भरायला येणाऱ्याने प्रत्येक खेपेला तो स्कॅन करून खातेदाराचं नाव वाचावं, कागदाची कड उचलून पाहावी. गल्ल्याची किल्ली शक्यतो दुसऱ्याकडे असावी, आणि गल्ल्यातली रक्कम यंत्राच्या विक्रीच्या नोंदीशी तिथल्या तिथे ताडून पाहावी.