कोळशाचे उत्पन्न आणि हवामानाचा खर्च

वांकिडीच्या बाजारपेठेस कोळशाची ओळख करून द्यावयास नको. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या गावाच्या एका अंगास सिंगरेणी कंपनीच्या खाणी, दुसऱ्या अंगास सास्ती-बल्लारपूरच्या खाणी आणि त्यांपलीकडे चंद्रपूरचे 2,920 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र. येथील व्यापार मात्र मुख्यतः कापसाचा व धान्याचा, म्हणजे पावसाच्या भरवशाचा. तेव्हा हवामान बिघडू नये म्हणून होणारा खर्च, खाणींचे उत्पादन तसेच वाढते ठेवून, फळास येईल काय, हा प्रश्न आमच्या सभासद बंधूंस परका वाटू नये.

या खर्चाचा जमाखर्च आपण व्यापारी रीतीनेच पाहू. 2010 साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसविला आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी उभारला. 2016 पर्यंत हा उपकर 400 रुपयांवर गेला. 2010-11 ते 2017-18 या काळात सुमारे 86 हजार कोटी रुपये जमा झाले. पैकी निधीत पोहोचले सुमारे 29,600 कोटी, आणि प्रत्यक्ष कामी लागले 16 हजार कोटींच्या आत. 2017 साली तर हा उपकर वस्तू व सेवा कराच्या भरपाईकडे वळला. एखाद्या मुनिमाने धर्मादाय खात्याची अशी वही पुढे ठेवली असती, तर आम्ही त्यास दोन प्रश्न अधिक विचारले असते.

परंतु खरी गोम पुढेच आहे. ज्या निधीची आवक कोळसा अधिक खपण्यावर अवलंबून, तो निधी कोळसा कमी कसा करणार? 2010-11 साली देशात सुमारे 53 कोटी टन कोळसा निघाला. 2024-25 साली 104 कोटी टनांवर गेला. याच अवधीत सौरशक्तीने 1 लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला, ही सामान्य कामगिरी नव्हे. तरीही 2024-25 साली देशातील जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. मागणी वाढत असता सौरवीज कोळशाच्या जागी न येता त्याच्या शेजारी येऊन बसली. सिंगरेणी कंपनीचेच पाहा. तिने 200 मेगावॉटहून अधिक सौरकेंद्रे उभारली, 2023-24 साली सुमारे 7 कोटी टन कोळसाही काढला, आणि 2025 साली ओडिशात नैनी येथे नवी खाण सुरू केली.

आमच्या शास्त्रकारांनी श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म व स्फोटकर्म, म्हणजे कोळसे पाडणे व भूमी खोदणे, यांची गणना आहे. कारण हिंसेचे आहे, हवामानाचे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण तेथे असे कोठेही म्हटलेले नाही की, व्यवसाय वाढवीत जावे आणि नफ्यातून दान केले म्हणजे फिटले.

नॉर्वे देशात 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांत जवळजवळ नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. तेल व वायू मात्र तो देश परदेशी विकतोच आहे. 2023 साली दुबईच्या परिषदेत खनिज इंधनापासून दूर सरकण्याचे सर्व राष्ट्रांनी मान्य केले. 2025 च्या बेलेम येथील मुख्य ठरावात त्या इंधनाचे नावही आले नाही.

अर्थात, खाणी उद्याच बंद करा, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. सिंगरेणीच्या सुमारे चाळीस हजार कायम कामगारांच्या पगारावर कित्येक पेठा उभ्या आहेत, आणि जुन्या खाणी बंद पडल्यावर बेल्लमपल्लीच्या बाजाराचे काय झाले, हे या भागातील व्यापाऱ्यांस सांगावयास नको. म्हणूनच उत्पादनाची मर्यादा वर्षे आधी ठरवून जाहीर व्हावी, आणि 2015 च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा पैसा त्या गावांच्या पुढील उदरनिर्वाहास लागावा, हे आम्हांस अधिक व्यवहार्य दिसते. मर्यादेविना केलेला खर्च वाया जातो असे नाही. तो वाढीचा वेग कमी करतो, वाढ थांबवीत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये कोळशावरील 400 रुपयांचा उपकर रद्द होऊन कर 5 वरून 18 टक्के झाला. ज्या कोळशाची किंमत टनास 1,500 रुपये, त्यावर पूर्वी 475 रुपये पडत. आता 270 पडतात. सुमारे 3,077 रुपयांखालील प्रत्येक टनाचा भार असा हलका झाला आहे, आणि आपल्या देशी खाणींतील बहुतेक कोळसा याच स्वस्त प्रतीचा असतो.