शिट्टी आणि सही

गणपती विसर्जनाच्या रात्री आमच्या गावातल्या मशिदीसमोरच्या चौकात मी गेली वीस-पंचवीस वर्षं उभा राहत आलो आहे. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी आणि खिशात शांतता समितीचं ओळखपत्र. मी पडलो कवी माणूस. माझ्या शिट्टीतून आवाज कमी आणि हवाच जास्त निघते. पण मंडळाच्या पोरांना पाणी द्यायचं, रेंगाळलेलं ढोलपथक गोड बोलून पुढे सरकवायचं, आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना कट्ट्यावरून उठवून घरी पाठवायचं, एवढं मला जमतं.

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. आमच्याकडेही तसंच ठरलं. त्या रात्री चौकात पट्टी बांधलेली चाळीसेक माणसं होती. पहाटे शेवटचा गणपती गेला आणि आम्ही चहाच्या गाड्यावर जमलो. आमचे एक जुने परिचित हवालदार कपात बिस्कीट बुडवत म्हणाले, "भाई, आज शिट्टीवाले चाळीस होते. उद्या पंचनाम्याला दोन माणसं लागली, तर यातला एक तरी येईल का?"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. का, ते पुढे सांगतो.

पोलिसांना मदत करण्याची हौस असलेली माणसं आणि पोलीस होण्याची स्वप्नं बघणारी पोरं प्रत्येक गावात असतात. खुद्द पोलीस त्यांच्याकडे कोणत्या नजरेनं बघतात, हे मी इतकी वर्षं जवळून बघत आलो. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

पोलिसांनी नागरिकांची मदत घेणं ही काही आजची गोष्ट नाही. इंग्रजांच्या १८६१ च्या पोलीस कायद्यातच गरज पडल्यास रहिवाशांना विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद होती. ६ डिसेंबर १९४६ रोजी, दंगलींच्या त्या अस्वस्थ काळात, मुंबई प्रांतात होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल उभं राहिलं. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. आजही होमगार्डला पगार नसतो. जितके दिवस बंदोबस्त, तितक्या दिवसांचा भत्ता. याशिवाय खेड्यात ग्रामरक्षक दल, शहरात पोलीस मित्र, आणि सणासुदीला आमच्यासारखे शांतता समितीवाले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ३१ व्या कलमानुसार शांतताभंग रोखण्यासाठी पोलिसांनी वाजवी कारणासाठी मदत मागितली, तर ती देणं हे नागरिकाचं कर्तव्यच आहे.

म्हणजे पोलिसांना माणसं हवीच असतात. पण माणूस हवा असणं वेगळं आणि माणसावर विश्वास असणं वेगळं.

कोणत्याही ठाण्यात चार दिवस नुसतं बाकावर बसून राहा. रोज येणारा एक गृहस्थ तुम्हाला दिसेलच. साहेबांच्या वाढदिवसाला हार त्याचा. मोटारसायकलच्या पुढे ठळक अक्षरांत 'पोलीस मित्र'. नाकाबंदीत अडवलं की लायसनच्या आधी ओळखपत्र पुढे येतं. त्याला वाटतं, आपण पोलिसांच्या घरातले. पोलिसांना तो कसा वाटतो? समोर असला की "या, बसा". पाठ फिरली की "हा आज कुणाचं काम घेऊन आला होता?" हवालदार मला म्हणाले होते, "भाई, ज्याला आमच्या नावाचा उपयोग असतो, त्याचा आम्हाला उपयोग नसतो." यातला कुणी पुढे जाऊन वर्दीसारखे कपडे घालून लोकांना दमात घेऊ लागला, तर तो सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेची २०४ आणि २०५ ही कलमं तोतयागिरीसाठीच आहेत.

दुसरा प्रकार काठीवाल्यांचा. याची मात्र पोलिसांना खरोखर भीती वाटते. चोर आल्याची, पोरं पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा उठते, गावातले तरुण रात्रीची गस्त सुरू करतात. हेतू चांगलाच असतो. पण हातात काठी, मनात भीती आणि समोर अनोळखी माणूस, एवढं एकत्र आलं की काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या जमातीतले होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. त्या वेळी तर पोलीस तिथे हजर होते आणि तरीही जमावाला आवरू शकले नाहीत.

आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, हे खरं आहे. नव्या संहितेचं ४० वं कलम तसा अधिकार देतं. पण ते पुढे असंही सांगतं, की विनाकारण उशीर न करता आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्या. पकडा आणि सोपवा. मध्ये 'मारा' हा शब्द कुठेही नाही.

सरकारनंच अशा हौशी हातांत बंदुका दिल्या तर काय होतं, हेही देशानं पाहिलं. छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमलं गेलं. शिक्षण जेमतेम, प्रशिक्षण तोकडं, मानधन थोडं. सर्वोच्च न्यायालयानं ५ जुलै २०११ च्या निकालात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. मदतनीस आणि पोलीस यांच्यातली रेघ पुसली की दोघांचंही नुकसान होतं, हा त्यातला धडा.

आता तिसरा प्रकार, भरतीची पोरं. यांच्याविषयी पोलिसांच्या मनात माया असते, कारण बहुतेक पोलीस त्याच मैदानातून आलेले असतात. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्यातलाच. बारावी झाल्यापासून पहाटे पाचला मार्केट यार्डाच्या मैदानात पळतो. केस बारीक, बूट सदा बांधलेले. रस्त्यात शिपाई दिसला की "जय हिंद सर" म्हणून कडक सलाम. शिपाई बिचारा भाजीची पिशवी घेऊन घरी चाललेला, तो लाजून इकडेतिकडे बघतो.

आमच्या हवालदारांनी त्याला एकदा घरी बोलावलं. मीही बरोबर होतो. त्यांनी हिशेब मांडला. मैदानी चाचणीचे गुण पन्नास, लेखीचे शंभर. मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. "सगळे नुसते पळत सुटतात आणि लेखीत अडकतात," ते म्हणाले. "अंकगणित कर, व्याकरण कर. आणि ठाण्यात फार येत जाऊ नकोस."

पोराचा चेहरा उतरला. त्याला वाटत होतं, ओळखी वाढवाव्यात. हवालदारांनी समजावलं, "ओळखीनं एक सेकंदही कमी होत नाही. ठाण्यात रेंगाळणाऱ्या पोराला कुणीतरी वसुलीच्या, नाही तर भांडणाच्या भानगडीत ओढतं. अंगावर एक गुन्हा पडला की चारित्र्य पडताळणीत अडकलास. आणि पडलाच, तर फॉर्ममध्ये लपवू नकोस." ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात याविषयी सविस्तर निकाल दिला. गुन्ह्याची माहिती दडवणं हेच निवड रद्द व्हायला कारण ठरू शकतं. किरकोळ गुन्हा खरा सांगितला, तर निदान त्याचा विचार होऊ शकतो.

निघताना हवालदारांनी त्याला विचारलं, "तुला पोलीस व्हायचंय की वर्दी घालायचीय?" पोरगा गप्प. मला वाटतं, पोलीस प्रत्येक हौशी माणसाकडे बघताना मनात हाच प्रश्न विचारत असतात. वर्दीचा रुबाब हवा असणारे पुष्कळ. दिवाळीला घरी नसणं, बेवारस प्रेताजवळ रात्रभर थांबणं, साक्षीसाठी कोर्टात दिवस घालवणं, हे हवं असणारे थोडे.

आता मी त्या पहाटे का हसलो नाही, ते सांगतो.

बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीतल्या एका तरुणानं भाजीच्या गाडीवाल्यावर सुरा चालवला. गाडीवाला वाचला, पण उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. आरोपी पकडला गेला आणि सुरा कुठे टाकला ते दाखवायला तयार झाला. अशा वेळी पंच लागतात. झडती असो की हत्यार काढून देणं असो, जे घडलं ते आमच्यासमोर घडलं, असं सांगणारी तटस्थ माणसं. हवालदार माझ्या दारात आले. "भाई, तुम्ही शिकलेले, बी. ए. झालेले. कोर्टात नीट बोलाल. चला."

मी गेलो नाही. वाचनालयाची बैठक आहे म्हणालो. बैठक नव्हती. आरोपीची आई रोज माझ्या दारावरून जात होती. लोक मला खबऱ्या म्हणतील, ही भीती होती. आमच्या मोहल्ल्यात पोलिसांशी बोलणारा माणूस दोन्हीकडून तपासला जातो. ठाण्यात नवा अधिकारी आला की विचारतो, हा कोण? गल्लीत शिरलं की लोक विचारतात, हा काय सांगून आला? ही अडचण खरी आहे. पण गाडीवाल्याची आखडलेली बोटंही खरीच होती.

मी हवालदारांना म्हटलं, तुमच्याकडे रोज येणारे ते पोलीस मित्र आहेत ना, त्यांना न्या. ते म्हणाले, "त्यांना कसं नेऊ? वकील पहिलाच प्रश्न विचारणार, याआधी किती वेळा पंच झालात? ठाण्यात रोज कशाला जाता? तिथेच पंचनामा संपला." खरंच आहे. पोलिसांच्या खिशातला पंच न्यायालयाला चालत नाही. म्हणजे जो माणूस पोलिसांच्या सर्वांत जवळ असतो, तोच ऐन वेळी कुचकामी. कामाचा असतो तो एरवी ठाण्याची पायरी न चढणारा शिक्षक, दुकानदार, कारकून. आणि तोच दार लावून घेतो.

शेवटी चहाच्या टपरीवरचा पोऱ्या आणि एक वाटसरू पंच झाले. काही वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा वाटसरूचा पत्ता लागला नाही. पोऱ्या कोर्टात म्हणाला, मला काही दाखवलं नाही, फक्त सही घेतली. आरोपी सुटला. हवालदार मला कधी काही बोलले नाहीत. दर गणपतीला पट्टी मात्र स्वतःच्या हातानं माझ्या दंडाला बांधत राहिले.

पोलीस आणि लोक यांचं नातं कसं जमतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत भिवंडी होरपळली होती. तिथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. नुसत्या सणापुरत्या नव्हेत, वर्षभर बसणाऱ्या. त्यात हिंदू-मुसलमान दोन्ही, पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त, आणि त्या त्या भागातला शिपाई त्यांच्यात बसलेला. नळाची भांडणं, नवरा-बायकोची भांडणं तिथे येत. शिपायाला माणसं नावानिशी माहीत झाली आणि माणसांना शिपाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं अशा कमिट्या झाल्या. तिथे काठीचं आणि ओळखपत्राचं फारसं काम नव्हतं. ओळखीचं होतं.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा पहाटे पळत असताना त्याच्यासमोर एका दूधवाल्याची मोटारसायकल चोरीला गेली. त्यानं चोराचा पाठलाग केला नाही. नंबर आणि अंगावरचे कपडे लक्षात ठेवले आणि ११२ ला फोन लावला. मग घाबरून माझ्याकडे आला. "मामू, जबाब देऊ का? भरतीत अडचण येईल?" मी हवालदारांना फोन केला. ते आता निवृत्त झाले आहेत. म्हणाले, "साक्षीदार म्हणजे आरोपी नव्हे. खुशाल देऊ दे. आज पोरगा पहिल्यांदा पोलिसासारखा वागला."

भाच्यानं जबाब दिला. घटनास्थळाच्या पंचनाम्याला माणसं हवी होती. पहिला पंच समोरचा किराणा दुकानदार झाला. शिपायानं दुसऱ्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. या वेळी मी वाचनालयाची बैठक काढली नाही. कागद वाचला, एक चूक दुरुस्त करून घेतली आणि सही केली.

कोर्टाचं समन्स अजून आलेलं नाही. आलं की जाईन.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)