नापासांचा वर्ग

30 डिसेंबर 1977 रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘माइंड युअर लँग्वेज’ या विनोदी मालिकेचा पहिला भाग लागला. त्या भागाचं नाव ‘द फर्स्ट लेसन’. जेरेमी ब्राऊन हा तरुण मास्तर लंडनमधल्या प्रौढांच्या कॉलेजात परदेशी लोकांना इंग्रजी शिकवायला येतो. प्राचार्या मिस कोर्टनींना पुरुष मास्तर नकोच असतो. पण या वर्गाने आधीच्या मास्तरांचं डोकं फिरवलेलं, दुसरं कुणी समोर नाही. तेव्हा महिनाभर बघू, या बोलीवर ब्राऊनची नेमणूक होते. वर्गात दहा विद्यार्थी. ओळखपरेड सुरू होते आणि भाग संपेपर्यंत एकही प्रश्नोत्तर सरळ पार पडत नाही.

या भागावर आणि या मालिकेवर प्रेक्षकांचं गेल्या जवळपास पन्नास वर्षांत एकमत झालेलं नाही. ‘असं निर्मळ हसू पुन्हा झालं नाही’ हे एक मत. ‘परदेशी माणसाची निव्वळ टिंगल’ हे दुसरं. आपल्याकडे ही दोन्ही मतं कधी कधी एकाच घरात नांदतात. वडील यूट्यूबवर जुने भाग लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात आणि कॉलेजात जाणारी मुलगी विचारते, “बाबा, यात हसण्यासारखं नक्की काय आहे?” एरवी हा प्रश्न जेवणाच्या टेबलावरच संपला असता. पण 2025 च्या जुलैत ज्या मीरा-भाईंदरमध्ये भाषेवरून मोर्चे निघाले, तिथे राहणाऱ्या माणसाला तो इतक्या सहज सोडून देता येत नाही.

दहा बाकं

आधी वर्ग पाहू. रणजित सिंग लंडनच्या भुयारी रेल्वेत नोकरी करणारा शीख. अली नदीम पाकिस्तानी. जमिला रांझा भारतीय गृहिणी. हातातलं विणकाम कधी सुटत नाही. जिओव्हानी इटालियन आचारी, मॅक्स ग्रीक, हुआन स्पॅनिश. तारो जपानी कंपनीचा माणूस, चुंग सू-ली चिनी वकिलातीतली आणि माओचं लाल पुस्तक बाळगणारी. डॅनिएल फ्रेंच, ॲना जर्मन. दोघी इंग्रज घरांत राहून मुलं सांभाळणाऱ्या.

आता यांचे नट पाहा. शीख रणजित रंगवणारे अल्बर्ट मोझेस जन्माने सिलोनचे. पाकिस्तानी अली झालेले डिनो शफीक ढाक्याचे. स्पॅनिश हुआन करणारे रिकार्डो मोंतेझ जिब्राल्टरचे, तर ग्रीक मॅक्स करणारे केवोर्क मलिक्यान तुर्कस्तानात जन्मलेले आर्मेनियन. या सगळ्यांना उत्तम इंग्रजी येत होतं. लेखक व्हिन्स पॉवेल यांनी प्रत्येकाला एकेक ठरलेली लकब दिली आणि त्यांनी ती इमानेइतबारे सांभाळली. रणजित हात जोडून हजारदा क्षमा मागणार. तारो शब्दाशब्दाला ‘ओ’ चिकटवणार. समोरचा काय म्हणाला ते न कळताही हुआन सगळं ठीक असल्याचं सांगणार.

नीट पाहिलं तर या वर्गातला विनोद चार खाणींतून येतो. एक, ऐकण्यातली गफलत. दोन, वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेणं. तीन, स्वतःच्या भाषेचं व्याकरण परक्या भाषेवर चढवणं. आणि चौथी, ‘अमक्या देशाचा माणूस असाच असायचा’ ही समजूत. पहिल्या तिन्ही खाणी भाषा शिकणाऱ्या कुणाच्याही मालकीच्या आहेत. तिथे खरी फजिती होते ती इंग्रजीची, तिच्या विचित्र स्पेलिंगची आणि तर्काला न जुमानणाऱ्या वाक्प्रचारांची. चौथ्या खाणीत मात्र माणूसच विनोदाचा कच्चा माल होतो. डॅनिएल दारातून आत आली की मॅक्स आणि जिओव्हानीचे डोळे तिच्यावर खिळणार, शीख आणि मुसलमान एकमेकांच्या अंगावर धावणार, ही गणितं भागागणिक बदलत नाहीत. वडिलांना पहिल्या तीन खाणी दिसतात, मुलीला चौथी. दोघंही खोटं बोलत नाहीत.

बंद कुणी केली, पाहिली कुणी

मालिका लंडन वीकेंड टेलिव्हिजनची. तीन पर्वांत 29 भाग झाले आणि 1979 मध्ये, लोकप्रियता ओसरलेली नसताना, तिथले कार्यक्रमप्रमुख मायकेल ग्रेड यांनी ती थांबवली. वंशावरून माणसांचे ठोकळे पाडणं त्यांना आक्षेपार्ह वाटत होतं. 1986 मध्ये आणखी 13 भाग निघाले, पण मायदेशात मालिकेला पहिली जागा पुन्हा मिळाली नाही. अमेरिकेने त्याच सुमारास ‘व्हॉट अ कंट्री!’ नावाने आपला अवतार काढून पाहिला.

गंमत अशी की, ज्यांची टिंगल होते म्हणून ती बंद झाली, त्यांच्याच देशांत ती सर्वांत जास्त जगली. आपल्याकडे दूरदर्शन, मग व्हिडिओ कॅसेट, मग इंटरनेट असा तिचा प्रवास आहे. हे कसं झालं? एक कारण शाळेत सापडतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 मध्ये. त्याआधीच्या मराठी शाळेतल्या पिढ्यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत, काहींची तर आठवीत पडली. ज्यांनी मुलाखतीला जाताना मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती, त्यांना रणजितच्या तोंडी आपलंच व्याकरण ऐकू आलं. ब्राऊन कुणाला हिडीसफिडीस करत नाही, हेही त्यांनी टिपलं. त्याची नोकरी धोक्यात आली की तोच वर्ग त्याच्या पाठीशी उभा राहतो. लंडनच्या बसमध्ये ज्या स्थलांतरिताला रोज कुणीतरी हुआन किंवा अली समजत होतं, त्याला मात्र ही चैन परवडणारी नव्हती. त्याच्या मुलांनी पुढे हिशेब चुकता केला. 1998 मध्ये बीबीसीवर आलेल्या ‘गुडनेस ग्रेशस मी’त भारतीयांचं टोळकं इंग्रजी खाणावळीत जाऊन इंग्रजांसारखा धिंगाणा घालतं, आणि हसणाऱ्याची खुर्ची बदलते.

देवळालीची छावणी

हा वाद मराठी मुलखाला पहिल्यांदा चिकटला तो नाशिकजवळच्या देवळालीत, आणि आपल्या फारसा लक्षात न येता. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही बीबीसीची मालिका 1974 ते 1981 अशी आठ पर्वं आणि 56 भाग चालली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या छावणीत सैनिकांची करमणूक करणारं ब्रिटिश तोफखान्याचं पथक, ही तिची कथा. पुढे पथक ब्रह्मदेशाकडे जातं. लेखक जिमी पेरी स्वतः देवळालीला अशाच पथकात होते आणि सहलेखक डेव्हिड क्रॉफ्ट यांचा लष्करी काळ काही अंशी पुण्यात गेला होता. म्हणजे अनुभव अस्सल. पण रंगी राम हा मुख्य भारतीय नोकर रंगवला मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला रंग फासून. बेट्स झाशीला जन्मलेले, त्यांना हिंदुस्थानी येत होती. तरीही आजच्या प्रेक्षकाला तो रंग खुपतो आणि बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवायला धजत नाही. त्याच छावणीत चहा विकणारा मुहम्मद म्हणजे डिनो शफीक, पुढचा अली नदीम. एकाच नटाने सत्तरच्या दशकातल्या ब्रिटनला हिंदुस्थानी माणसाचे दोन नमुने पुरवले.

पोटे, स्पेन्सर आणि दीक्षितबाई

1993 मध्ये डीडी मेट्रोवर ब्राऊनच्या वर्गावर बेतलेली ‘जबान संभालके’ आली आणि वर्ग मुंबईकडे सरकला. दिग्दर्शक राजीव मेहरा. पंकज कपूर यांचा मोहन भारती हा मनासारखी नोकरी न मिळालेला इंजिनिअर. पोटासाठी हिंदी शिकवतो. इथे पहिला फरक पडतो. ब्राऊन हा चुकणाऱ्यांमधला एकटा न चुकणारा होता, भारती मात्र स्वतःच परिस्थितीने नापास केलेला माणूस आहे. तो फळ्यासमोर उभा असला तरी विनोदाच्या टप्प्याबाहेर नाही.

दुसरा फरक मराठी माणसाच्या खास जिव्हाळ्याचा. संस्थेच्या प्रमुख दीक्षितबाई म्हणजे शुभा खोटे आणि मराठी विद्यार्थी विठ्ठल बापूराव पोटे म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ विजू खोटे. त्यांचा ‘शोले’तला कालिया देशाला पाठ होता. पण मराठी वळणाची हिंदी घेऊन बाकावर बसलेला पोटे आपल्या आळीतला होता. हिंदी पडद्यावर मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर धुणीभांडी करणारी बाई, अशा त्या दिवसांत मराठी प्रेक्षकाने पोटेचा राग धरला नाही, कारण ती लकब घरच्याच माणसाने, आतून ओळखून केली होती. इंग्रज चार्ल्स स्पेन्सर रंगवला टॉम ऑल्टर यांनी. मसुरीत जन्मलेल्या या नटाच्या हिंदी-उर्दूचा बाज भल्याभल्यांना लाजवणारा, आणि त्याला आठवडेच्या आठवडे साधं हिंदी वाक्य चुकवायचं होतं. चूक नेमकी कुठे बसते हे ज्याला पक्कं ठाऊक, त्यालाच ती इतकी चोख करता येते.

तरीही मूळ वर्गाचा एक नियम इथेही शाबूत राहिला. कुणी शिकायचं नाही. ब्राऊनच्या वर्गाने पहिल्या पर्वाच्या शेवटी परीक्षा दिली होती. दुसऱ्या पर्वात सगळे पुन्हा त्याच बाकांवर हजर. मालिकेचं पोट त्यावरच चालतं. रणजित सफाईदार बोलू लागला तर पुढच्या आठवड्यात हसायचं कशावर? माझ्या मते या विनोदाचं खरं वैगुण्य इथे आहे. एखाद्याच्या चुकीवर हसण्यात गैर काही नाही. त्याने कायम चुकतच राहावं अशी व्यवस्था करून हसण्यात आहे.

फुलराणी पास झाली

आणि हे मराठी प्रेक्षकाला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. ब्राऊनचा वर्ग भरण्याच्या दोन वर्षं आधी, 1975 मध्ये, बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली होती. तीही भाषेच्या शिकवणीचीच कॉमेडी. फुलवाल्या मंजुळेच्या बोलीवर प्रेक्षक पोट धरून हसले, पण भक्ती बर्वे यांची मंजुळा नाटकभर तिथेच थांबली नाही. ती शिकली, आणि शिकल्यावर तिने जे प्रश्न विचारले त्यात उघडे पडले ते सतीश दुभाषी यांचे प्राध्यापक महाशय. याच बर्वेबाई मुंबई दूरदर्शनवर बातम्याही देत. अशुद्ध बोलणारी फुलवाली आणि प्रमाण मराठीचा आवाज एकाच गळ्यात होते, आणि घरोघरचे प्रेक्षक दोन्ही ओळखत होते.

1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं, तेव्हा मालवणीने तर शिकवणीच नाकारली. मच्छिंद्र कांबळींनी बोली आहे तशी मंचावर आणली आणि पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनाच ती समजून घ्यायला लावली.

शहरभर भरलेला वर्ग

आता मीरा-भाईंदर. 1985 मध्ये इथे नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महापालिका. 1991 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. 2011 मध्ये ती आठ लाखांवर गेली. गिरगाव-लालबागची खोली विकून आलेला मराठी माणूस, गुजराती-मारवाडी व्यापारी, उत्तर भारतीय रिक्षावाले, नया नगरचे मुसलमान, दक्षिणेतले नोकरदार, सगळे वीस वर्षांत एकाच लोकलला लटकू लागले. त्यांच्या आधीपासून मिठागरं, शेती आणि मासेमारीवर जगणारे आगरी, कोळी आणि उत्तनचे ख्रिस्ती इथे होतेच. महापालिकेच्या शाळाही मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या.

भाईंदरच्या मासळीबाजारात उत्तनहून आलेल्या कोळणीसमोर पाच मिनिटं उभं राहावं. एका गिऱ्हाइकाला “घे गो बाय, ताजा हाय” म्हणता म्हणता ती दुसऱ्याला “कल का नहीं है भैया, गलफडा देखो” असं सुनावते. समोरचा भय्या “पापलेट कितना, मावशी? कमी करो ना” म्हणतो, तेव्हा त्याच्या हिंदीत मराठी कधी शिरली ते त्यालाही माहीत नसतं. इथे सगळेच चुकतात, आणि धंद्यापुरतं सगळेच शिकतात. ब्राऊनच्या वर्गाला जे कधी जमलं नाही ते इथे फळा-खडूशिवाय चालू असतं.

पण धंद्यापुरतं म्हणजे पुरेसं नाही, आणि मराठी माणसाची तक्रार नेमकी तिथे आहे. बँकेत, सोसायटीच्या सभेत, दुकानात मराठीवाचून काही अडत नाही, हे त्याला रोज जाणवतं. जून 2025 च्या अखेरीस मीरा रोडला मराठीवरून एका खाद्यपदार्थ विक्रेत्याला मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली आणि ती चित्रफीत देशभर फिरली. 3 जुलैला व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला. 8 जुलैला मराठी संघटनांचा मोर्चा पोलिसांनी परवानगी नाकारून, धरपकड करून अडवायचा प्रयत्न केला. तरी तो निघाला. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय राज्य सरकारला 29 जूनला मागे घ्यावे लागले होते, त्यामुळे हवा आधीच तापलेली होती. त्या आठवड्यात मराठी येत नसलेल्या माणसाला भाषा हा अपमानाचा विषय वाटला, आणि मराठी माणसाला तर ती तशी आधीपासूनच वाटत होती. थपडेच्या भीतीने माणूस दोन वाक्यं पाठ करील. तो बोलायला लागणार नाही.

ब्राऊनच्या मालिकेतलं जुनाट ते सगळं वजा केलं तरी एक गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे खोली. दिवसभर काम केलेली मोठी माणसं संध्याकाळी जिथे येऊन बसतात आणि लाज न वाटता चुकतात, अशी एक खोली. मीरा-भाईंदरमध्ये अशा खोल्या वॉर्डावॉर्डात हव्यात: महापालिकेच्या शाळेत रात्री सात ते आठ, रिक्षावाल्याला रिक्षाची मराठी, औषधाच्या दुकानदाराला औषधाची, सोसायटीच्या सेक्रेटरीला इतिवृत्ताची. नोकरशाहीला हे अवघड नाही आणि मोर्चा काढू शकणाऱ्या संघटनांना तर मुळीच नाही.

आणि कुणी या वर्गावर मराठी मालिका काढलीच, तर या लेखातल्या बापलेकींना ती एकत्र बसून पाहता यावी म्हणून तीन अटी घालाव्यात. प्रत्येक भाषकाची भूमिका त्या बोलीत वाढलेल्या नटाने करावी. मास्तरांनी निदान भागाआड एकदा तरी गुजरातीत किंवा भोजपुरीत सपशेल तोंडघशी पडावं. आणि पर्वाच्या शेवटी परीक्षा व्हावी, त्यात निम्मा वर्ग पास व्हावा. नवे नापास आणायला विरार लोकल आहेच.