दोन-सहाची बांगडी, बारा आरे

सकाळी सहा. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, वर्ध्याजवळच्या सेलूत आता पहाटे स्वेटर लागतो. जुनी वर्तमानपत्रं आणि मूठभर मेथीदाणे रात्रीच वेगवेगळे भिजत घातले होते. उठल्या उठल्या दोन्ही एकत्र वाटून घेते. माझी आजी याच लगद्यानं सूप आणि टोपल्या लिंपायची. मेथीमुळे लगदा चिकट होतो, वाळल्यावर दगडासारखा घट्ट बसतो. दुसऱ्या गॅसवर मैद्याची खळ शिजते. पिशवीत पुठ्ठे, अगरबत्तीच्या काड्या, औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि थोडी जुनी तार.

सव्वासात. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना वावरं पांढरी झाली आहेत. पहिली वेचणी सरली, दुसरी सुरू आहे. मजूर बायकांचा ऑटो पुढे जातो. त्यात आमच्या दोन मुलींच्या आया बसलेल्या असतात. हात करतात.

साडेसात. परिपाठ, हजेरी. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला, तेव्हापासून टाकाऊतून वस्तू करण्याच्या आमच्या कामाला वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली. त्याआधी कार्यानुभवाच्या तासिकेत जमेल तसं करायचो.

आठ. कुलरच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा वर्गाच्या मधोमध आहे. नव्वद सेंटिमीटर लांब, साठ रुंद. यावर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर उभं करायचं, हे मुलांनीच ठरवलं. प्रमाण एकास वीस. वावरातलं वीस सेंटिमीटर इथं एक. सातवीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण असतं, पण पुस्तकातल्या उदाहरणात चूक झाली तर फक्त लाल रेघ पडते. इथं चूक झाली की बैल बंडीपेक्षा मोठा होतो आणि अख्खा वर्ग हसतो. दीड मीटरची बाई साडेसात सेंटिमीटरची. एकशे वीस सेंटिमीटरची पऱ्हाटी सहाची. तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, अंतर चार फूट धरलं, म्हणजे इथं सहा सेंटिमीटर. पेन्सिलीनं तासं आखून झाली.

आमचा एकच नियम आहे: काहीही विकत आणायचं नाही. तो मी चूक करून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या स्पर्धेत मी स्वतः पहिला नंबर एका झगमगीत महालाला दिला होता. थर्माकोल, चमकी, रंगीत कागद, सगळं दुकानातून आणलेलं. घरच्यांनी रात्र जागवून केलेलं. खरोखर नारळाच्या करवंटीची चूल करून आणलेली मुलगी मागच्या रांगेत उभी होती. ती चूल मला आजही दिसते. २०१८ मध्ये राज्यानं सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, पण माझ्या वर्गातून तो त्याआधीच गेला होता.

साडेआठ. वावरात बैलबंडीही उभी करायची आहे. तिच्या चाकावर गाडी अडते. मुलांनी पाण्याच्या बाटलीची झाकणं आणली आहेत, प्रत्येक झाकण तीन सेंटिमीटरचं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी बोलत नाही, तो म्हणतो, “मॅडम, एवढं चाक चिखलात फसन.” विसानं गुणा म्हटलं. तीन गुणिले वीस, साठ सेंटिमीटर. म्हणजे त्याच्या कमरेलाही पोचत नाही. खरं चाक किती? कोणालाच नक्की सांगता येईना. रोज बंडीत बसणाऱ्यांनाही नाही.

शाळेच्या बाजूला एका काकाजींची बंडी उभी असते. टेप घेऊन चौघांना पाठवलं. “आरे पण मोजून या,” मी मागून ओरडले. परत आले ते धावतच. एकशे वीस सेंटिमीटर. “बारा हायेत जी, मॅडम!” आणि न सांगता आणखी एक गोष्ट पाहून आले: बाहेरचं लाकडी वर्तुळ एकसंध नाही, सहा तुकड्यांचं आहे, प्रत्येक तुकड्यात दोन आरे ठोकलेले. वर लोखंडी धाव. काकाजींनी त्यांना हेही सांगितलं की धाव तापवून चढवतात आणि वर पाणी ओततात. लोखंड आकसतं, चाक आवळलं जातं. उष्णतेनं प्रसरण पावणं हा धडा दोन महिन्यांपूर्वी झाला होता. आज तो समजला.

सहा सेंटिमीटरचं गोल हवं. एक मुलगी हातातली बांगडी काढून फूटपट्टीवर ठेवते. दोन-सहाचं माप. दोन इंच, आणि इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले सहा. हिशेब फळ्यावर करतो: जवळपास सहा सेंटिमीटर! वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गातून सर डोकावेपर्यंत थांबला नाही. मी तिला बांगडी परत दिली. घरातली जोडी मोडलेली आण म्हटलं. पण तिनं ऐकलं नाही.

पऱ्हाटीच्या जाड बुंध्याचा कांडा कापून चाकाच्या मधला तुंबा केला. बारा भोकं, तीस-तीस अंशांवर. तापलेल्या खिळ्यानं भोकं मीच पाडते, ते काम मुलांच्या हातात देत नाही. अगरबत्तीच्या काड्यांचे आरे. दहा वाजेपर्यंत एक चाक झालं. फक्त एक.

दहा. बाकीच्यांनी तोवर कवडी कापसाची बारीक बोंडं करून कडुनिंबाच्या काटक्यांवर चिकटवली. तारेच्या बायका झाल्या. त्यांना कापडाच्या चिंध्यांची लुगडी नेसवली, तर दोघी मुली हटून बसल्या. वेचायला जाताना माय वरून बाबांचा जुना शर्ट घालते, लांब बाह्यांचा, नाही तर पऱ्हाटीनं हात ओरबाडतात. मग शर्ट शिवले. दाण्याएवढ्या कॉलरसकट.

सगळं संपत आलं तेव्हा त्यातली एक म्हणाली, “मॅडम, काटा राह्यला.” मला आधी कळलंच नाही. “काटा नसन तं मायले पैसे कसे भेटतीन?” वेचणीची मजुरी किलोवर असते. मी वावर आखलं, तासं मोजली, बैलांची उंची काढली, आणि संध्याकाळी धुऱ्यावर टांगतात तो काटा विसरले. बाटलीच्या झाकणांची दोन पारडी झाली. सकाळी नापास झालेली झाकणं इथं बसली.

साडेअकरा. शाळा सुटते. चाक कपाटात.

दुपारी दोन. जेवण करून भंगारवाल्याकडे. टाकाऊ पत्र्याचे तुकडे कडा तपासूनच उचलते.

चार. मुलांच्या वह्यांत आजची मापं तपासताना सेवाग्राम आठवतं. सेलूहून वर्धा आणि पलीकडे सेवाग्राम, इतकं जवळ. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, झाकिर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. हीच नयी तालीम. तिच्यातला शब्द आहे समवाय: काम एकीकडे आणि विषय दुसरीकडे नाहीत, कामातूनच विषय निघतो. मुलांना सेवाग्रामच्या बापूकुटीत नेलं होतं तेव्हा गांधीजींच्या शिष्या मीराबहननी भिंतीच्या मातीत उठवलेली झाडं त्यांनी डोळे भरून पाहिली. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनीही आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून हेच सांगितलं. माझ्या मते समवाय हा शब्द प्रशिक्षणाच्या भाषणांत जितका ऐकू येतो, तितका वर्गात दिसत नाही. त्याला वेळ लागतो. एका चाकाला दीड तास लागतो, आणि तो द्यायला हवा.

रात्री आठ. लगदा वाळायला ठेवला. बंडीला अजून एक चाक करायचं आहे. सेलूत कोणाच्या घरी जोडी मोडलेली दोन-सहाची बांगडी असेल, काचेची नको, तर टाकू नका. पुढच्या शनिवारच्या आत मुलांच्या हाती शाळेत पाठवा.