घर मागे, होडी कुठे?

पिकअपच्या मागे ट्रेलर जोडायचा सांधा, म्हणजे हिच, एकच असतो, आणि सुट्टीच्या दिवसांत तो घराने अडवलेला असतो. अमेरिकेत ज्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात ते हे घर. आत पलंग, शेगडी, संडास, पाण्याची टाकी. वजन दोन-अडीच टन. ते ओढत माणसं निघतात ती बहुतेक वेळा कुठल्यातरी तळ्याकाठी मुक्कामाला. मिशिगन राज्याला चार महासरोवरांचा किनारा आहे. मिनेसोटात दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तर ती 11,842 भरतात. अशा ठिकाणी जायचं तर होडी हवीच. होडीचाही स्वतंत्र ट्रेलर असतो, पण तो जोडायचा कुठे?

या एका अडचणीतून तिकडे एक आख्खं कसब उभं राहिलं आहे. त्याच्या मागे जात राहिलं की लहान होडीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहासच वेगळा दिसायला लागतो. कोकणातली होडी ज्या खाडीत उतरते तिथेच बहुधा म्हातारी होते. संध्याकाळी वाळूवर ओढून घेतली की तिचा जमिनीशी संबंध संपला. पण शहरात राहणाऱ्या, सुट्टीपुरतं पाण्यावर जाणाऱ्या माणसाची होडी आयुष्यातला बराच काळ जमिनीवर काढते. ती आगगाडीच्या डब्यात मावली पाहिजे, मोटारीच्या टपावर दोघांना चढवता आली पाहिजे, एकदा तर ती पाणबुडीच्या झडपेतूनही बाहेर निघाली पाहिजे होती. तिची लांबी, वजन आणि सांधे ठरवण्यात पाण्याइतकाच रस्त्याचा हात आहे.

आधी वजनाचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ट्रेलर ओढायला निघालेला नवखा माणूस एकच आकडा विचारतो: गाडी ओढते किती? जाहिरातीतही तोच मोठ्या अक्षरांत असतो. पण आधी संपतो तो दुसराच आकडा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिच्यावर लिहिलेलं असतं. याला पेलोड म्हणतात. समजा तो 700 किलो आहे आणि ट्रेलर अडीच टनांचा आहे. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भाग हिचवर यावा लागतो. 12 टक्के धरले तर 300 किलो तिथेच गेले. चार माणसांचे 280. हिचचं लोखंडी सामान 40. उरले 80. बारा फुटी सपाट तळाची ॲल्युमिनियमची होडी 55 किलोच्या आसपास भरते आणि चार अश्वशक्तीचं इंजिन 25 च्या. हिशेब संपला. होडी ज्या चौकटीवर ठेवायची ती चौकट, बर्फाची पेटी आणि कुत्रा अजून मोजायचेच आहेत. गाडीचं इंजिन यातलं काहीच जाणवू देत नाही. तो भार मागचा आस, स्प्रिंग आणि टायर सोसत असतात, आणि ते आधी काही बोलत नाहीत.

हिचवर एवढा भार मुद्दाम का ठेवायचा, हे बैलगाडी भरणाऱ्याला सांगावं लागणार नाही. गाडी थोडी दाबात हवी. उलार झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ट्रेलरचं तसंच आहे, फक्त वेग ताशी नव्वद किलोमीटरचा. वजन चाकांच्या मागे गेलं की शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने ट्रेलरला एक झोका बसतो, दुसरा त्याहून मोठा येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या झोक्याला ट्रेलर पिकअपला वळवू लागतो. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, असं शिकवलं जातं. पण ती वेळच येऊ नये याची काळजी सामान भरतानाच घ्यावी लागते.

म्हणून ट्रेलरच्या मागच्या बंपरवर होडी टांगणं ही सगळ्यांत वाईट निवड आहे, आणि नेमकी तीच सगळ्यांना पहिल्यांदा सुचते. मागे जागा रिकामी दिसते ना! पण ज्याला आपण बंपर समजतो तो पुष्कळ ट्रेलरांत पातळ पत्र्याचा चार इंची चौकोनी नळ असतो, आणि त्याच्या आत मैल्याचा पाइप ठेवतात. शिवाय गणित पाहा. होडीचे 60 किलो चाकांच्या तीन मीटर मागे टांगले आणि हिच चाकांच्या पाच मीटर पुढे असला, तर हिचवरचा भार 36 किलोंनी हलका होतो. वर टोकाला टांगलेलं वजन प्रत्येक झोका लांबवतं. ट्रेलरच्या छतावर ठेवावी तर छत म्हणजे बारीक प्लायवूडवर ताणलेला रबराचा पडदा. अपवाद कापडी तंबूच्या घडीच्या ट्रेलरांचा. ते ठेंगणे असतात आणि त्यातल्या काहींच्या टपावर होडीसाठी खास दांडे मिळतात.

मग घरामागे होडीचा ट्रेलर जोडून आगगाडीसारखं निघावं का? काही जण निघतात. मध्य-पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत त्याला परवानगी आहे, पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत मनाई आहे, आणि परवानगी असली तरी अटी राज्यागणिक बदलतात. मिशिगनमध्ये पहिला ट्रेलर फिफ्थ व्हील प्रकारचा हवा आणि सगळ्याची एकूण लांबी 75 फुटांच्या आत हवी. ही अट मला शहाणपणाची वाटते. फिफ्थ व्हीलचा सांधा पिकअपच्या हौद्यात, थेट मागच्या आसावर बसतो. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या हिचचा गोळा आसाच्या बराच मागे असतो, त्यामुळे मागून आलेला प्रत्येक आडवा धक्का गाडीची शेपटी ढकलतो. दोन ट्रेलर असे जोडले की उलटं घेणं जवळजवळ अशक्यच. पेट्रोल पंपावर चुकीच्या बाजूने शिरलात तर मागचा सोडवून, हाताने ढकलूनच बाहेर निघायचं.

जाणती माणसं शेवटी वर पाहतात. पिकअपचा हौदा साडेसहा फुटांचा आणि होडी बारा फुटांची. हौद्यात तशीच ठेवली तर ती मागे लोंबते आणि पहिल्याच वळणावर घराच्या पुढच्या भिंतीला भिडते. म्हणून हौद्याच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी चौकट उभी करून होडी केबिनच्या वर पुढे सरकवतात. पालथी ठेवायची, पोटाला दोन पट्टे, शिवाय नाळेपासून पुढच्या बंपरपर्यंत दोर. या दोराचा कंटाळा करू नये, कारण समोरून येणारा ट्रक होडी खालून उचलतो. पट्टा वाऱ्याने गुणगुणायला लागला तर त्याला एक पीळ द्यायचा. सपाट पट्टा थरथरतो, पीळ दिलेला गप्प राहतो.

टपावर चढणाऱ्या होडीचा जन्मच वजनाच्या त्रासातून झाला. ग्रमन ही लढाऊ विमानांची कंपनी. तिथले एक अधिकारी विल्यम हॉफमन 1944 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत सुट्टीवर गेले होते. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना लाकूड आणि कॅनव्हासची जड कॅनू खांद्यावरून वाहून ते वैतागले. विमानाचा पत्रा हलका असतो, तो ताणून हवा तसा वळवता येतो, आणि युद्ध संपलं की कारखान्याला काम लागणारच होतं. वर्षभरात ग्रमनची ॲल्युमिनियमची कॅनू तयार झाली: दोन अर्धुकं दाबून घडवलेली आणि मधोमध रिव्हेटने जोडलेली. पहिली तेरा फुटी कॅनू सतरा-अठरा किलोंची होती. उन्हात तडकत नाही, रंग मागत नाही, दगडावर आपटली तर पोचा पडतो आणि ती पुढे चालते. अमेरिकेतल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांनी ती पिढ्यान् पिढ्या वापरली. माझ्या मते विमानाच्या कारखान्यातून निघालेली ही सगळ्यांत सभ्य वस्तू आहे.

जर्मनीत हीच अडचण चाळीस वर्षं आधी आली होती, तेव्हा मोटारी फार थोड्यांकडे होत्या. 1905 मध्ये म्युनिकमधल्या आल्फ्रेड हॉयरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने बांबूच्या सांगाड्यावर शिडाचं कापड ताणून एक कयाक बनवली आणि ती घेऊन ईझार नदीतून बाड ट्योल्झपासून म्युनिकपर्यंत आला. तिची घडी करून ती पिशवीत भरता येत होती. दोन वर्षांनी रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने तिचे हक्क घेतले. ही कल्पना शिंप्याच्या हाती पडली, हे फार बरं झालं. या होडीत सुताराचं काम निम्मं आहे. उरलेलं निम्मं माप, शिवण आणि ताण यांचं. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आत सरकवला की कातडं ताठ होतं, आणि तो ताणच तिचं बळ. शहरातली माणसं पिशव्या घेऊन आगगाडीने डोंगरात जायची, नदीने खाली यायची, होडी वाळवून पुन्हा आगगाडीत बसायची.

सुट्टीसाठी शिवलेल्या या होडीने नंतर जे केलं त्यावर विश्वास बसत नाही. फ्रान्झ रोमर 1928 मध्ये खास बांधलेल्या घडीच्या कयाकमधून अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीजला पोचला. पुढच्या टप्प्यावर वादळाने त्याला गिळलं. हान्नेस लिंडेमान हा डॉक्टर 1956 मध्ये कॅनरी बेटांवरून निघाला आणि 72 दिवसांनी कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनला लागला. त्याची क्लेपर जेमतेम सतरा फुटांची होती. पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ऑस्कर श्पेक. काम नाही म्हणून 1932 साली तो जर्मनीतल्या उल्म गावातून डॅन्यूबमध्ये उतरला, सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल या आशेने. सायप्रसला पोचल्यावर थांबलाच नाही. सीरियातला जमिनीचा टप्पा होडीची घडी करून बसने ओलांडला आणि युफ्रेटिस नदीत पुन्हा उतरला. पुढे इराणचं आखात, मग भारताचा पश्चिम किनारा धरून 1935 मध्ये कोलंबो. म्हणजे आपल्या कोकणाच्या आणि गोव्याच्या समोरून हा एकटा जर्मन कापडाच्या होडीतून खाली गेला. सात वर्षांनी, 1939 च्या सप्टेंबरात, तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या एका बेटावर उतरला. तोवर युद्ध सुरू झालं होतं, आणि त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून बंदिवासात टाकलं. ती बस नसती तर हा प्रवासच झाला नसता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाणबुडीची गोष्ट त्याच युद्धातली. 1942 च्या डिसेंबरात बोर्दो बंदरातली जहाजं उडवण्यासाठी ब्रिटिश रॉयल मरीन्स ‘ट्यूना’ पाणबुडीतून फ्रान्सच्या किनाऱ्याशी आले. त्यांच्या होड्यांचा तळ प्लायवूडचा आणि बाजू कापडी होत्या. झडपेतून जाव्यात म्हणून त्या दाबून चपट्या करता येत. सहापैकी एक बाहेर काढतानाच फाटली. पाच होड्यांतून दहा माणसं गेली आणि दोनच परतली.

आजच्या ट्रेलरवाल्याकडे या घराण्याच्या नातवंडांची निवड आहे. पोर्टा-बोट ही पॉलिप्रॉपिलिनची होडी घडी केल्यावर सुमारे चार इंच जाडीची फळी होते. अमेरिकेत महामार्गावर रुंदीची मर्यादा साडेआठ फुटांची. ट्रेलर आठ फुटी असेल तर सहा इंच उरतात, आणि त्यात ही फळी घराच्या अंगालाच बसते. फक्त दार आणि बाहेर सरकणारी खोली अडणार नाही अशी बाजू शोधायची. अँटन विलिस या कॅलिफोर्नियातल्या वास्तुतज्ज्ञाला लहान घरात कयाक ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने कागदाच्या घड्यांचं शास्त्र पन्हाळीदार प्लास्टिकला लावलं. 2012 मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून निघालेली ती ओरू कयाक बारा किलोंची आहे. फुगवायच्या होड्याही आता पूर्वीच्या लेच्यापेच्या राहिल्या नाहीत. दोन थरांमध्ये हजारो धागे विणलेला तळ हवेने फळीसारखा कडक होतो. 1956 मध्ये गुडइयरने याच तऱ्हेच्या कापडाचं फुगवायचं विमान उडवलं होतं. अशी होडी गुंडाळून घराच्या आत, चाकांच्या बरोबर वर जमिनीवर ठेवता येते. वजनाला यापेक्षा चांगली जागा नाही.

घडीच्या होडीचा एक दोष मात्र गंभीर आहे: तिच्या घडीत पाणी राहतं. 1988 मध्ये महासरोवरांच्या भागात झेब्रा शिंपले सापडले, 2007 च्या जानेवारीत नेवाडातल्या लेक मीडमध्ये त्यांचेच भाऊबंद क्वागा शिंपले, आणि 2023 मध्ये ते आयडाहोच्या स्नेक नदीपर्यंत पोचले. ते पाणी शोषून घेणाऱ्या पाइपांत दाट वस्ती करतात आणि माशांचं खाणं संपवतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात त्यांना रस्त्याने नेतात त्या होड्याच. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. घडीत राहिलेल्या पेलाभर पाण्यात ती प्रवास करतात. म्हणून आयडाहो आणि मोंटानामध्ये रस्त्यावर तपासणी नाके आहेत आणि कयाक असो की कॅनू, वाटेत उघडं नाकं लागलं की थांबावंच लागतं. होडी शेवटची कुठल्या पाण्यात होती, हे तिथे विचारतात. पुष्कळ राज्यांत तळाचं बूच काढूनच होडी रस्त्यावर आणायचा कायदा आहे.

त्यामुळे निघायच्या दिवशीच्या कामांना क्रम असतो. होडी आदल्या दिवशीच पाण्याबाहेर काढून घडी उलगडून उन्हात टाकायची आणि शिवणी कोरड्या झाल्याशिवाय पिशवीत भरायची नाही. टपावरची होडी असेल तर ती आधी चढवायची आणि मग घर जोडायचं, कारण ट्रेलर हिचला लागला की पिकअपच्या मागे उभं राहून होडी वर ढकलायला जागा उरत नाही. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर गाडी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा आवळायचे. तोवर ते हमखास सैल झालेले असतात.