अंगणातली बदकं (भाग ७) : तापीकाठचे पाहुणे

खुराड्याला पडदे कसे लावायचे, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. पण उधन्याच्या एका वाचकाच्या पत्रापुढे पडद्यांना थांबावं लागेल. त्यांची खाकी कॅम्पबेल बदकं रोज वस्तीमागच्या तळ्यावर चरायला जातात. दिवाळीनंतर त्याच तळ्यावर टोकदार शेपटीची रानबदकं उतरली. दोन्ही थवे एकत्र पोहताना पाहून घरची मुलं हरखून गेली आहेत. ‘चालेल ना?’ एवढंच त्यांनी विचारलंय.

नाही चालणार.

पडद्यांची तशीही घाई नाही. सुरतेत जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा १४-१५ अंशांच्या आसपास असतो, आणि पिसांखाली दाट लव असलेलं मोठं बदक तेवढ्या गारठ्याला जुमानत नाही. इथल्या हिवाळ्यात सांभाळायचं ते पाहुण्यांपासून. पत्रातला पक्षी बहुधा तलवार बदक. तो, थापट्या, चक्रवाक अशी मंडळी हिमालयापलीकडून उकाईच्या जलाशयावर आणि गवियरच्या तळ्यावर थंडी काढायला येतात. फ्लूच्या विषाणूंचं मूळ घर म्हणजे अशी पाणपाखरं. विषाणू त्यांच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो आणि थंड पाण्यात उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो.

हे सगळं सुरतेच्या दारात घडून गेलेलं आहे. भारतात पाळीव पक्ष्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नवापुरात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर. अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं रेल्वे स्टेशन म्हणून लोक ज्या गावाला ओळखतात, तेच हे नवापूर. कोंबड्या पटापट मरू लागल्या तेव्हा आधी संशय मानमोडीवर गेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी ते जाहीर झालं. मग लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. शेजारचा उच्छल तालुका तेव्हा सुरत जिल्ह्यात होता, तिथेही रोग निघाला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला तीच पाळी पुन्हा आली. पहिल्या वेळी विषाणू रानपक्ष्यांबरोबर आला की कोंबड्यांच्या ने-आणीतून, यावर बराच खल झाला. परसात बदकं पाळणाऱ्याने दोन्ही वाटा बंद केलेल्या बऱ्या.

बदकाचा घोळ वेगळाच आहे. कोंबडीला लागण झाली की ती मरते आणि मालक जागा होतो. बदक मात्र पुष्कळदा खातं-पितं, हिंडतं आणि विषाणू बाहेर टाकत राहतं. दर वेळी असंच होतं असंही नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये केरळात कुट्टनाडला हजारो बदकंच मेली.

तेव्हा होळीपर्यंत तळं बंद. बदकाला पोहायला मिळालं नाही तरी भागतं, पण नाकपुड्या बुडतील इतकं खोल पाणी हवंच. नाही तर नाक-डोळे चिकटतात. प्लास्टिकचं मोठं घमेलं घ्यावं आणि रोज सकाळी बोअरचं किंवा नळाचं ताजं पाणी भरावं. जुनं पाणी खुराड्यापासून लांब, झाडाच्या बुंध्याशी ओतावं. दाणा छपराखाली द्यावा आणि उरलेला लगेच उचलावा, म्हणजे कावळे-कबुतरं घिरट्या घालणार नाहीत. वर जाळी ताणता आली तर उत्तमच.

आणि चपला! हिवाळ्यात सुरतकर तापीवरच्या कुरवांना हौसेने शेव-गाठिया घालतात. कुरवही याच विषाणूंचे यजमान. काठावरची ओली विष्ठा तळव्याला लागते आणि त्याच चपलेने माणूस थेट खुराड्यात शिरतो. खुराड्याच्या दाराशी एक वेगळा जोड ठेवावा, हात साबणाने धुवावेत. या विषाणूचं चरबीचं वेष्टण साबणापुढे टिकत नाही. मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नये, १९६२ वर फोन करावा किंवा पशुदवाखान्यात कळवावं. अंडी पूर्ण शिजवून खायला हरकत नाही.

पडदे पुढच्या आठवड्यातही बहुधा मागेच राहतील, कारण शेंगदाण्याच्या पेंडीबद्दल तिघांनी विचारलंय आणि तो विषय तातडीचा आहे. इंग्लंडमध्ये १९६० साली टर्कींबरोबर बदकाची पिल्लंही बुरशी लागलेल्या पेंडीनेच मेली होती. तोवर कुणाच्या पोत्यात तळाशी पेंडीची ढेकळं झाली असतील किंवा कुबट वास येत असेल, तर ते पोतं पिल्लांसाठी उघडूच नये.