कणगी, पेव आणि ‘गार्नर’

मैत्रिणींनो, इंग्रजीत ‘गार्नर’ असा एक शब्द आहे. इंग्रजी पेपरात तो हमखास भेटतो. अमक्या पुढाऱ्याने मतं गार्नर केली, तमक्या सिनेमाने कौतुक गार्नर केलं. म्हणजे काय, तर मिळवलं, गोळा केलं. पण हा शब्द मूळचा शेतकऱ्याच्या घरचा बरं का! लॅटिनमध्ये ‘ग्रॅनम’ म्हणजे दाणा आणि ‘ग्रॅनॅरियम’ म्हणजे धान्याचं कोठार. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आधी कोठार, मग कोठारात भरून ठेवणं आणि आता नुसतंच मिळवणं. दाणे मागेच राहिले!

आपल्याकडे तरी वेगळं काय झालंय? ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं आपण सहज म्हणतो. पण आजच्या किती मुलींनी पेव पाहिलंय? जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी आणि वर माती टाकून बंद केलेलं तोंड. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो, म्हणून आधी वारा लागू द्यायचा. वाड्यात भिंतीतलं बळद असे. साध्या घरात काड्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली कणगी.

आपलं गंगाखेड जनाबाईचं गाव. जात्याचं कौतुक आपल्याला फार. पण जात्यात वैरायला दाणा यायचा कणगीतून, आणि कणगीत हात असायचा बाईचा. शेत नवऱ्याच्या नावावर, आडतीची पट्टी त्याच्याच खिशात. पण ओंजळभर ज्वारी देऊन बांगड्या भरायला तिला कुणाला विचारावं लागत नसे. शेजारणीला अडीनडीला पायलीभर उसनी देणं हाही तिचाच अधिकार. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या आज्या अजून सांगतात, की कणगीचा तळ दिसला की झोप लागत नसे.

आता शिवारात सोयाबीन आलं. पैसा आला, नाही कशाला म्हणू? पण सोयाबीन कणगीत बसत नाही. ते मळणी झाली की थेट आडतीवर, आणि पैसे नवऱ्याच्या खात्यावर. घरात शेती असून बाई पिठाला पैसे मागते! म्हणून मग डाळीच्या डब्यात नोटा लपवणं आलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि ते डबेही नवऱ्यासमोर उघडावे लागले. तेव्हा किती जणींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलंय.

बचत गटात महिन्याला पैसे टाकतो, ती आपली नवी कणगी. पासबुकावर बाईचं नाव असतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तरी आमच्या गटातल्या एक मावशी बैठकीत ऐकवतातच, “पोरींनो, पासबुक भाजून खाता येत न्हाई.”

त्यांच्याच आग्रहावरून यंदा दोघीतिघींनी रब्बीत थोडी ज्वारी घरापुरती पेरायला लावली आहे. कणगी विणणारं कुणी मिळालं नाही. तेव्हा चांगली उन्हं दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीतच भरायचं ठरलंय.